दुरुस्त केलेली झडप किती वर्षे टिकते?



मी ठाण्याचा. नोकरीची बरीच वर्षे मी सौदी अरेबियात, धाहरान गावाच्या बाजूला, हृदयाचा इको काढणारा तंत्रज्ञ म्हणून काम केले. धाहरान, खोबर आणि दम्माम ही तीन गावे एकमेकांना लागूनच आहेत. १९३८ साली धाहरानला तेल लागले आणि वाळवंटात तेलकंपनीची वसाहत उभी राहिली. आज त्या भागात केरळचे, फिलिपीन्सचे, मिसरचे, येमेनचे, पाकिस्तानचे आणि आपल्या कोकणातलेही पुष्कळ लोक कामाला आहेत. त्यामुळे माझ्या टेबलावर सर्व देशांची हृदये पाहायला मिळाली.

एके दिवशी रत्नागिरीकडचा एक वेल्डर आला. वय पन्नाशीचे. जिना चढताना दम लागतो, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, अशी तक्रार. छातीवर मधोमध जुना वण होता. बावीस वर्षांपूर्वी मुंबईला झडपेची दुरुस्ती झाली होती. शेवटचा इको कधी काढला, असे मी विचारले. त्याने बोटांवर मोजले आणि म्हणाला, “अकरा वर्षे झाली असतील.” मग जरा हसून म्हणाला, “दादा, झडप तर दुरुस्त केलेली आहे ना? मग परत परत काय बघायचे?”

हाच प्रश्न आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींकडूनही मी ऐकला आहे. कोणाची झडप दुरुस्त झालेली असते, कोणाला डॉक्टरांनी आता दुरुस्ती सुचवलेली असते. “ह्या वयात ऑपरेशन करून किती वर्षे मिळणार?” असे घरचे विचारतात. ह्या प्रश्नाला चांगले आणि बऱ्यापैकी निश्चित उत्तर आहे. ते सोप्या शब्दांत सांगण्याचा हा प्रयत्न.

झडप म्हणजे काय

हृदयाला चार कप्पे असतात आणि रक्त उलटे फिरू नये म्हणून चार झडपा असतात. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधे जी झडप असते तिला मिट्रल झडप म्हणतात. तिला दोन पडदे असतात. छत्रीच्या कापडाला काड्या असाव्यात तसे पडद्यांना खालून बारीक दोरे असतात. ते दोरे पडद्यांना ताणून धरतात, म्हणून पडदे उलटे फडफडत नाहीत.

मिनिटाला सत्तर ठोके धरले तर ही झडप दिवसात एक लाख वेळा उघडते आणि मिटते. वीस वर्षांत हा आकडा त्र्याहत्तर कोटींच्या पुढे जातो. घराच्या कोणत्याही दाराला आपण एवढे काम लावत नाही. आपण सकाळी म्हणतो त्या ‘अशेर यात्सार’ ह्या बेराखात शरीराच्या छिद्रांबद्दल आणि पोकळ्यांबद्दल देवाचे आभार मानलेले आहेत. उघडायचे ते उघडले नाही किंवा मिटायचे ते मिटले नाही तर माणूस उभा राहू शकणार नाही, असा त्याचा भाव. झडपेच्या आजाराचे वर्णन ह्याहून नेमके करता येणार नाही. झडपेला दोनच प्रकारची दुखणी होतात: ती नीट उघडत नाही, म्हणजे अरुंद होते, किंवा नीट मिटत नाही, म्हणजे गळते.

डावीकडचा जुना वण

आपल्यातील काही भगिनींच्या डाव्या छातीखाली चंद्रकोरीसारखा एक जुना वण असतो. १९५० ते १९८० ह्या काळात मुंबईत किंवा भारतात इतरत्र झालेल्या ऑपरेशनची ती खूण आहे. लहानपणी घसा दुखून ताप यायचा, मग गुडघे, घोटे सुजायचे. तो रूमॅटिक ताप. सांधे बरे व्हायचे, पण मिट्रल झडपेचे पडदे हळूहळू जाड होऊन कडेला एकमेकांना चिकटायचे. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी, बहुधा बाळंतपणाच्या वेळी, दम लागायला सुरुवात व्हायची.

त्या काळी हृदय थांबवून आत पाहण्याची सोय सर्वत्र नव्हती. म्हणून सर्जन धडधडत्या हृदयातच बोट किंवा एक लहानसे उपकरण घालून चिकटलेले पडदे मोकळे करीत. लंडनला सर हेन्री सूटर यांनी १९२५ साली एका मुलीवर बोटाने अशी शस्त्रक्रिया केली होती, पण ती पद्धत रुळायला दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ उजाडावा लागला. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला. ह्याच डॉ. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले.

ह्या जुन्या शस्त्रक्रियेचा हिशोब वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९८३ साली छापला. ३७२४ रुग्णांचा तो हिशोब होता, आणि जगातल्या मोठ्या हिशोबांपैकी एक होता. त्यातून दिसले ते असे: वेळेवर झालेल्या ऑपरेशनने बहुतेकांना पुष्कळ वर्षे दिली, परंतु काहींच्या झडपा कालांतराने पुन्हा अरुंद झाल्या. पुढे १९८४ साली जपानचे डॉ. इनौए यांनी मांडीच्या नसेतून फुगा नेऊन झडप मोकळी करण्याची पद्धत जाहीर केली आणि आता बहुतेक ठिकाणी हे काम छाती न उघडता होते.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की, डाव्या छातीखालचा तो वण पाहून आजच्या तरुण डॉक्टरला तो कशाचा आहे हे कळेलच असे नाही. इस्रायलमधील किंवा मुंबईतील कोणत्याही नव्या डॉक्टरकडे गेलात तर आपण होऊन सांगा: “लहानपणी रूमॅटिक ताप होता आणि अमुक साली मिट्रल झडप मोकळी केली आहे.” ह्या एका वाक्याने डॉक्टरांची अर्धी शोधाशोध वाचते.

आजची दुरुस्ती

आज ‘झडपेची दुरुस्ती’ म्हणतात ती बहुधा गळक्या झडपेची असते. हृदय तात्पुरते थांबवून रक्ताभिसरणाचे काम यंत्राकडे दिले जाते. सर्जन झडप डोळ्यांनी पाहतात, सैल पडलेला पडद्याचा भाग कापून शिवतात, तुटलेल्या दोऱ्याच्या जागी नवा कृत्रिम दोरा बसवतात आणि शेवटी झडपेच्या कडेला एक कडी शिवून तिचा घेर पुन्हा मापात आणतात. जुन्या दाराची चौकट पसरली की दार मिटत नाही. सुतार आधी चौकट आवळतो. तसेच हे.

ह्या विद्येचे जनक म्हणजे पॅरिसचे डॉ. आलँ कार्पांतिए. कडी वापरण्यास त्यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी सुरुवात केली आणि १९८३ साली आपली सारी पद्धत एका व्याख्यानात जगापुढे मांडली. त्याआधी बहुतेक सर्जन गळकी झडप काढून कृत्रिम झडप बसवीत. कार्पांतिए यांचा आग्रह असा की, रुग्णाची स्वतःची झडप वाचवता येत असेल तर ती वाचवावी.

स्वतःच्या झडपेचे फायदे उघड आहेत. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे इस्रायलमध्ये कुमादीन, भारतात वॉरफरिन किंवा असिट्रोम, जन्मभर घ्यावी लागते आणि तिच्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते. प्राण्याच्या ऊतीची झडप बसवली तर गोळी बहुधा थोडे महिनेच लागते, पण अशी झडप वर्षांमागून वर्षे झिजत जाते. दुरुस्त केलेल्या झडपेला बहुधा पहिले तीन महिनेच रक्त पातळ करणारी गोळी देतात. ठोके अनियमित झाले असतील तर मात्र ती पुढेही चालू ठेवावी लागते.

किती वर्षे टिकते? ते मूळ आजारावर आहे

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. ‘दुरुस्ती किती टिकते’ ह्याला एकच उत्तर नाही, तीन उत्तरे आहेत. आपली झडप का बिघडली, त्यावर आपले उत्तर अवलंबून आहे.

पहिला प्रकार: वयोमानाने किंवा जन्मजात ढिलाईमुळे पडदा सैल झाला किंवा दोरा तुटला. पाश्चात्त्य देशांत आणि आता भारतातील शहरी वृद्धांतही हा प्रकार जास्त दिसतो. ह्या प्रकारात दुरुस्ती फार चांगली टिकते. कार्पांतिए यांच्या पथकाने १९७० ते १९८४ ह्या काळात केलेल्या १६२ रुग्णांच्या दुरुस्तीचा हिशोब २००१ साली प्रसिद्ध झाला. वीस वर्षांत त्यांपैकी फक्त ७ जणांना पुन्हा ऑपरेशन करावे लागले. वीस वर्षांनी शंभरांतील ४८ हयात होते, आणि त्याच वयाच्या सामान्य लोकसंख्येत जितके जगतात तितकेच हे प्रमाण होते. म्हणजे झडपेच्या आजाराने त्यांचे आयुष्य तोडले नाही. हिशोब मांडला तेव्हा ६५ जण जिवंत होते, मधले वय ७६ होते आणि त्यांतील एकाचा अपवाद सोडता सर्वजण रोजचे व्यवहार जवळजवळ बिनत्रासाने करीत होते.

कॅनडातील टोरांटोचे डॉ. टायरोन डेव्हिड यांनी १९८५ ते २००४ ह्या काळात केलेल्या १२३४ रुग्णांचा हिशोबही असाच बोलका आहे. वीस वर्षांत शंभरांतील पाचांच्या आसपास लोकांना पुन्हा झडपेचे ऑपरेशन लागले. परंतु त्याच हिशोबातली दुसरी बाजू लक्षात ठेवण्यासारखी आहे: शंभरांतील बारा-तेरा जणांना पुन्हा मध्यम किंवा जास्त गळती झाली, आणि सुमारे बत्तीस जणांच्या ठोक्यांत नव्याने अनियमितपणा आला. म्हणजे पुन्हा ऑपरेशन लागले नाही तरी देखरेख लागतेच.

दुसरा प्रकार: रूमॅटिक तापाने बिघडलेली झडप. आपल्या पिढीत हा प्रकार पुष्कळ. पॅरिसच्याच पथकाने अशा ९५१ रुग्णांचा हिशोब दिला आहे. त्यांचे सरासरी वय सव्वीसच्या आत होते. दहा वर्षांपर्यंत शंभरांतील ८२ जण दुसऱ्या ऑपरेशनवाचून राहिले. वीस वर्षांपर्यंत हा आकडा ५५ वर आला. जगण्याचे प्रमाण मात्र उत्तम होते: वीस वर्षांनी शंभरांतील ८२ हयात. त्याचा अर्थ असा की, रूमॅटिक झडपेची दुरुस्ती माणसाला आयुष्य देते, पण ती दुरुस्ती स्वतः कायमची असेलच असे नाही. कारण आजार पडद्यांतच मुरलेला असतो. सर्जनने कितीही सुबक शिवले तरी पडदे पुढे जाड आणि आखूड होत जातात.

सौदी अरेबियात हा धडा जवळून शिकला गेला. १९८०च्या दशकाच्या शेवटी स्पेनचे प्रसिद्ध सर्जन डॉ. कार्लोस डुरान रियाधच्या किंग फैसल रुग्णालयात आले. लवचीक कडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रियाधला त्यांच्यापुढे आलेले रुग्ण तरुण आणि रूमॅटिक होते. ज्या मुलीला पुढे लग्न करायचे, मुले व्हायची, तिला जन्मभर रक्त पातळ करणारी गोळी देणे धोक्याचे. म्हणून शक्य तिथे दुरुस्तीच करायची, असा त्यांचा प्रयत्न होता. तरीसुद्धा १९९४ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी रूमॅटिक मिट्रल झडपेच्या दुरुस्तीला ‘न सुटलेला प्रश्न’ म्हटले. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाने असे लिहावे, ह्यावरून आपण बोध घ्यावा. दिल्लीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूटमध्येही डॉ. संपत कुमार यांनी रूमॅटिक गळतीच्या शेकडो झडपा दुरुस्त केल्या आणि आपल्या देशातील तरुणांत ही वाट जमण्यासारखी आहे हे दाखवले.

तिसरा प्रकार: झडप मुळात चांगली आहे, पण हृदयविकाराच्या झटक्याने हृदयाचा खालचा कप्पाच पसरला, म्हणून झडप मिटत नाही. घराची भिंत खचली की दार बसत नाही. त्यात दाराचा दोष नसतो. अशा वेळी नुसती कडी शिवली तर गळती लवकर परतते. अमेरिकेतील २५१ रुग्णांच्या एका अभ्यासात दुरुस्ती केलेल्यांपैकी शंभरांतील सुमारे ३३ जणांत एका वर्षातच मध्यम किंवा जास्त गळती परत आली, आणि दोन वर्षांत हा आकडा ५९ च्या घरात गेला. झडप बदललेल्यांत तो चारच्या आत राहिला. म्हणून ह्या प्रकारात डॉक्टरांनी “दुरुस्तीपेक्षा बदललेली बरी” असे म्हटले तर त्यांना अनुभव कमी आहे असे समजू नका.

अजून एक गोष्ट. वृद्धपणी अरुंद होणारी झडप बहुधा महाधमनीच्या तोंडाशी असलेली एओर्टिक झडप असते. तिच्यावर चुना साचतो. वयोवृद्धांतील अशी झडप दुरुस्त होत नाही, ती बदलावी लागते. हल्ली ती मांडीच्या धमनीतूनही बदलतात. तेव्हा शेजाऱ्याच्या झडपेचा अनुभव आपल्या झडपेला लावू नका. आधी विचारा: कोणती झडप, आणि कशाने बिघडली?

ऑपरेशन केव्हा करावे

“त्रास सोसवतोय तोवर चालवू” ही आपली जुनी सवय. गळक्या झडपेच्या बाबतीत ती महागात पडते. गळती असताना खालच्या कप्प्यातले काही रक्त वर, कमी दाबाच्या जागी, सहज उलटे जाते. त्यामुळे इकोच्या कागदावर हृदयाची ताकद खऱ्यापेक्षा चांगली दिसते. तो आकडा ६० किंवा त्याखाली आला, अथवा आकुंचनाच्या वेळी खालचा कप्पा ४० मिलिमीटर किंवा अधिक रुंद राहू लागला, तर मोठी गळती असलेल्या माणसाला त्रास नसला तरी ऑपरेशनचा विचार करावा, असे जगभरचे नियम सांगतात. एरवी ६० हा आकडा पाहून आपण खूश होतो. इथे तो धोक्याची घंटा आहे.

ऑपरेशन ठरले तर सर्जनना हे चार प्रश्न शांतपणे विचारावे: माझी झडप कशाने बिघडली? दुरुस्ती होईल असा आपला अंदाज काय? अशा दुरुस्त्या आपण वर्षाला किती करता? आणि आत पाहिल्यावर दुरुस्ती जमली नाही तर कोणती झडप बसवाल? शेवटचा प्रश्न आधीच विचारलेला बरा, कारण टेबलावर भूल दिल्यावर कोणी विचारत नाही.

वय फार झाले असेल किंवा छाती उघडणे धोक्याचे असेल, तर मांडीच्या शिरेतून जाऊन दोन्ही पडद्यांना मधोमध चिमटा लावण्याची सोय आहे. इटलीत मिलानचे डॉ. ओत्ताव्हियो आल्फिएरी यांनी १९९०च्या दशकात पडदे मधे शिवण्याची पद्धत सुरू केली होती. चिमटा त्याच कल्पनेवर आधारलेला आहे. सर्वांनाच तो लागू पडत नाही, पण ज्यांना “आता काही करता येणार नाही” असे पूर्वी सांगत, त्यांच्यापैकी अनेकांना आज तो उपाय आहे.

डुकराच्या झडपेचे काय?

हा प्रश्न मला धाहरानला मुसलमान रुग्णांनी विचारला आणि ठाण्यात आपल्या लोकांनीही विचारला. ऊतीच्या झडपा काही डुकराच्या असतात, काही गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून बनवतात. तोरात मनाई आहे ती खाण्याला. उपचारासाठी शरीरात बसवण्याला आपल्या रब्बींनी मनाई मानलेली नाही, आणि जिवावर बेतले असेल तर पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, ह्यापुढे जवळपास सर्व नियम मागे सरतात. मनाला तरी बरे वाटत नसेल तर सर्जनना आधी सांगा. गाईच्या आवरणाची झडप बहुधा मिळते. ह्या शंकेपायी ऑपरेशन पुढे ढकलू नका. आणि दुरुस्ती झाली तर हा प्रश्नच उरत नाही, कारण झडप आपलीच राहते.

दुरुस्तीनंतर जपायचे ते

ऑपरेशनचा कागद. कोणते ऑपरेशन, कोणत्या तारखेला, कडी कोणत्या नावाची आणि कोणत्या मापाची, हे सर्व त्या कागदावर असते. त्याच्या दोन प्रती काढा. एक पाकिटात, एक मुलाकडे किंवा मुलीकडे. एम. आर. आय. काढताना, दात काढताना, परगावी आजारी पडल्यावर हा कागद उपयोगी पडतो. अलिया करताना लोक फोटोचे आल्बम जपून नेतात आणि दवाखान्याच्या फायली टाकून देतात. तसे करू नका.

इको. घरी सोडल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत एक इको काढतात. तो पुढच्या सर्व इकोंसाठी मोजपट्टी असतो. त्यानंतर आपले डॉक्टर सांगतील त्या अंतराने, बहुतेकांना वर्षातून एकदा. प्रत्येक वेळी मागचा कागद सोबत न्या. एकटा इको फारसे सांगत नाही. दोन इको शेजारी ठेवले की बदल दिसतो. मी तंत्रज्ञ म्हणून हे हजारदा पाहिले आहे. लक्षात राहावे म्हणून तारीख एखाद्या सणाला बांधा, म्हणजे दरवर्षी रोश हशानाच्या आधीच्या महिन्यात इको.

दात. झडपेत कडी असेल तर दात काढताना किंवा हिरड्यांवर काम करताना रक्तात जाणारे जंतू तिथे बसू शकतात. म्हणून दातांच्या डॉक्टरला आधी सांगा. ते कामापूर्वी जंतुनाशक औषधाची मात्रा देतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रोजची दातांची निगा, कवळी असली तरी हिरड्यांची. आठवडाभर रेंगाळणारा ताप आला तर घरातली जुनी जंतुनाशक गोळी घेऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा, कारण गोळी घेतल्यावर रक्ततपासणीत जंतू सापडत नाहीत.

नाडी. रोज सकाळी एक मिनिट मनगटाची नाडी मोजा. ठोके मागेपुढे पडू लागले, छातीत फडफड वाटली, तर त्याच दिवशी दाखवा. अनियमित ठोक्यांमुळे वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. तो टाळण्यासाठी गोळ्या आहेत.

मीठ आणि पाणी. पाय सुजत असतील तर पापड, लोणचे, सुके बोंबील ह्यांवर हात आखडता घ्या. हे ऐकून आपल्या कोकणी जिभेला वाईट वाटेल, पण सुज त्यानेच वाढते. यॉम किप्पूरला, ज्याला आपले जुने लोक दारफाळणीचा सण म्हणत, उपास धरायचा असेल तर लघवीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना दोन आठवडे आधी विचारा. आजारी माणसाने जीव धोक्यात घालून उपास करावा असे आपला धर्म सांगत नाही.

चालणे. सर्जननी परवानगी दिल्यावर रोज सपाट रस्त्यावर चाला आणि अंतर लक्षात ठेवा. दम लागल्याचे पहिले निदान आपले पायच करतात. गेल्या वर्षी सिनेगॉगपर्यंत न थांबता जात होता आणि यंदा मधे एकदा थांबावे लागते, तर हे वयाचे आहे असे स्वतःच ठरवू नका. वयाने माणूस थकतो, पण काही आठवड्यांत एवढा फरक पडत नाही. दम वयाचा की झडपेचा, हे ठरवण्याचे काम इकोला करू द्या.

वेल्डरचे पुढे काय झाले

त्या दिवशी मी इको काढला तेव्हा दुरुस्त केलेली झडप पुन्हा गळत होती. रूमॅटिक झडप होती. बावीस वर्षे टिकली हेच तिचे मोठेपण. गळती परतली यात सर्जनची चूक नव्हती आणि त्याचीही नव्हती. पण ती केव्हातरी चार-पाच वर्षांपूर्वी वाढू लागली असणार, आणि त्या वेळी ती कोणी पाहिली नाही. तोवर खालचा कप्पा पसरला होता. दुसरे ऑपरेशन झाले, कृत्रिम झडप बसली, जीव वाचला. मात्र वेल्डिंगचे काम पुन्हा जमले नाही. तो गावी परतला. निघताना भेटायला आला आणि म्हणाला, “दादा, मला वाटले होते दुरुस्ती म्हणजे संपले.”

दुरुस्त केलेली झडप बहुतेकांना उरलेले आयुष्य पुरते, पुष्कळांना वीस वर्षे सहज पुरते, आणि रूमॅटिक झडपेलासुद्धा ती चांगली अनेक वर्षे देते. फक्त ती आपलीच झडप आहे, आणि आपल्याबरोबर तिचेही वय वाढते. आपण दरवर्षी डोळे तपासून चष्म्याचा नंबर बघतो ना? मग हिच्यासाठी वर्षातून अर्धा तास काढणे जड नाही.

हा लेख वाचून संपला की एक काम करा. कपाटातली जुनी फाईल काढा आणि शेवटच्या इकोची तारीख बघा. वर्ष उलटून गेले असेल तर उद्याच डॉक्टरांना विचारून वेळ घ्या.

सर्वांना आरोग्य लाभो. शालोम.